फुलून गेलेले कंद

“शेवंती नको आई. दिवाळीपर्यंत सांभाळावी लागते ती. तुम्हाला एकटीला नाही व्हायची,” उत्कर्षा म्हणाली आणि पुन्हा वाकून पांढऱ्या फक्कीची रेघ पुढं ओढू लागली. सुतळीचं दुसरं टोक सासूच्या, चंदनबालाच्या हातात होतं. ते तिनं तसंच ताणून धरलं. परड्यातलं जळणाचं खोपटं मागच्याच आठवड्यात पाडलं होतं, धुण्याचा दगड कडेला सरकवला होता, आणि आता पार मागच्या भिंतीपर्यंत फुलांचे नवे वाफे आखायचं काम चाललं होतं. इथं अॅस्टर, इथं झिनिया, चिकूच्या सावलीत काही नको, आणि भिंतीकडेला ऊन चांगलं म्हणून तिथं शेवंती, असं चंदनबालानंच ठरवलं होतं. रंगपंचमी होऊन गेली होती, ऊन पाठीला लागायला लागलं होतं, शेजारच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं. फक्त तो ‘एकटीला’ तेवढा मध्येच येऊन पडला होता, आणि सून तर तो टाकून पुढं निघूनही गेली होती. विचारावं तर काय विचारावं? एकटीला म्हणजे काय गं? आणि तिनं सांगितलंच तर? सुतळी सैल पडली तशी उत्कर्षानं वर पाहिलं, आणि त्या पाहण्यातच चंदनबालाला सगळं कळलं.  रेघ पुरी झाल्यावर ती फक्कीचं ताट उचलून नळाखाली धुवायला गेली.

मग एकेक आठवत गेलं. गेला महिनाभर ही पोरगी आपल्याला शिकवत होती. दांडा तिरका कापायचा आई, सरळ नाही. खालची पानं ओरबाडून टाकायची, नाहीतर बादलीतलं पाणी नासतं. फुलवाल्याला माल वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा, त्याच्या हातात मोकळा द्यायचा नाही. चंदनबालाला वाटलं होतं, कौतुकानं सांगतेय, आता काम वाढणार म्हणून हाताखाली तयार करतेय. मनातून ती सुखावलीही होती. आणि हे परडं वाढवायचं खूळ तरी कुणाचं? तिचंच. जी बाई एकेकाळी या वाफ्यांना नुसता पसारा म्हणून नाक मुरडायची, तीच यंदा संक्रांतीपासून नवऱ्याच्या मागं लागली होती, खोपटं पाडा, भिंतीपर्यंत जागा करा. खरं बोलायचं तर तिला फुलांचं काही पडलं नव्हतं. वाफे वाढले की काम वाढेल, काम वाढलं की उत्कर्षाचा पाय इथून निघणार नाही, असा तिचा साधासरळ डाव होता. झिनियाचं होईतोवर अॅस्टर, अॅस्टरचं होईतोवर शेवंती, म्हणजे दिवाळी आलीच, दिवाळीत कुठं कोण घर सोडून जातं, पुढं परत निशिगंध. असं वर्षाला वर्ष लागत गेलं असतं. तिनं डाव मांडला होता बागेचा, आणि समोरची त्याच बागेची किल्ली तिच्या हातात देऊन निघायच्या तयारीत होती.

उत्कर्षा मूळची साताऱ्याची. कराडला शेतकी शिकताना अरिहंतनं तिला पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा चंदनबाला दोन दिवस जेवली नव्हती. मराठ्यांची मुलगी, घरात कांदा, लसूण, त्याच्या पुढचंही सगळं, आणि आपल्या जैनांकडं पाणीसुद्धा फडक्यातून गाळल्याशिवाय पीत नाहीत. तिसऱ्या दिवशी भूकही लागली आणि रागही ओसरला. लग्न होऊन ती माधवनगरच्या या घरात आली, आणि पहिल्याच आठवड्यात एका सकाळी चंदनबाला परड्यात जाऊन बघते तर मागच्या नळाला पांढरं फडकं बांधलेलं. झाडांना पाणीसुद्धा गाळून घालायचं असतं असंच त्या पोरीला वाटलं होतं. अरिहंत हसून हसून पायरीवर बसला. चंदनबालाला हसू आलं आणि कुठंतरी आत एकदम मऊ पडल्यासारखं झालं. तिनं ते फडकं सोडू दिलं नाही. फाटलं की नवीन, अशी ती फडकी तेव्हापासून नळाला आहेत ती आहेत. मग दोघांनी मिळून परड्यात फुलांचं काढलं. देवाला फूल खुडायचं असतं, दांडीसकट कापायचं ही काय रीत, म्हणून चंदनबाला कुरकुरली तेव्हा अरिहंत म्हणाला होता, “अव्वा, देवाला खुडतात, माणसाला कापून देतात.” आणि लांब दांड्याचा पहिला निशिगंध त्यानं बायकोला न देता आईच्या हातात दिला होता. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत सगळी घरी जेवायची, मग ही दोघं फिरायला म्हणून बाहेर पडायची आणि येताना तोंडाला बटाटेवड्याचा वास असायचा. तिला कळायचं. तिनं कधी दाखवलं नाही.

निशिगंधाचा वाफा त्यानं ज्या वसंतात लावला त्याच वर्षी थंडीत तो गेला. ताप आला, साधा म्हणता म्हणता डोक्यात गेला, मिरजेला नेलं. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात बसून माणसाला काय काय सुचतं! मुनिमहाराजांचा मुक्काम तेव्हा गावात होता. चंदनबाला रिक्षा करून आली, पायांवर डोकं ठेवलं आणि नेम मागितला. कंदमूळ ती आधीपासूनच खात नव्हती. आता म्हणाली, खाणार नाही एवढंच नाही, जमिनीतला कंद मी उपटणार नाही, माझ्या घरात कुणाला उपटू देणार नाही, तेवढे जीव वाचू देत आणि माझा एक वाचू दे. महाराज म्हणाले, बाई, नेम आत्म्यासाठी घ्यायचा असतो, सौदा म्हणून नाही. तिनं मान हलवली, आणि मनातल्या मनात सौदाच केला. तिसऱ्या दिवशी पहाटे अरिहंत गेला. दिलेलं तिनं परत घेतलं नाही. तिचे यजमान पायगोंडा, ज्यांच्या बापजाद्यांनी हळदीवर हे घर उभं केलं, त्यांनी त्याच साली हळद बंद करून सगळ्या रानात ऊस लावला. कारण कुणाला सांगितलं नाही, तिलाही नाही. सांगलीत हळदीचा हंगाम सुरू झाला की रस्त्यानं शिजवलेल्या हळदीचा वास येतो, आणि यांच्या घरात मात्र हळदीचं पाकीट दुकानातून येतं.

नेम का धरून ठेवला, हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण एवढं तिला कळत होतं की नेम मोडणं म्हणजे तो सौदा संपला म्हणणं. आणि सौदा संपला म्हणजे तो गेला. लोकांनी त्याला खांदा दिलेला तिनं पाहिला होता, तेरावं पाहिलं होतं, त्याचे शर्ट वाटून टाकले होते, आणि तरी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात मिरजेच्या व्हरांड्यातला तो बाक तसाच होता आणि ती अजून तिथं बसलेली होती, आतून कुणीतरी येऊन काहीतरी सांगेल म्हणून. निशिगंधाचा वाफाही तसाच राहिला. कंद दर दोन-तीन वर्षांनी काढून, सुटे करून परत लावावे लागतात, नाहीतर एकमेकांत दाटून बसतात आणि फूल धरत नाहीत, हे उत्कर्षानं एकदाच सांगितलं होतं. मग तिनंही तो विषय काढला नाही. गेल्या वर्षी दांडे निम्म्यावर आले. यंदा वाफ्यात नुसती पानं माजली होती.

दुपारी जेवणं झाल्यावर उत्कर्षा तिच्या खोलीत गेली तेव्हा चंदनबाला नवऱ्यापुढं जाऊन उभी राहिली आणि पोरगी कुठं निघालीय ते सरळ विचारलं. पायगोंडा पान लावत होते. त्यांनी सुपारी फोडली, कात लावला, पान काही तोंडात घातलं नाही. कोरेगावकडं रविराज म्हणून एक जण आहे, मळा आहे, रोपवाटिका आहे, त्याचीही बायको आजारात गेली, मुलगा भला आहे, हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. वैशाखात लग्न. पाडव्यानंतर माहेरी जायचं ठरलंय. हे कुणी ठरवलं म्हणून तिनं विचारलं तेव्हा त्यांनी मान वर केली.

“मीच गेलतो साताऱ्याला, तिच्या बापाकडं. ती तयार नव्हती. म्हणली, आईंना सोडून कशी जाऊ. मी पाया पडलो पोरीच्या.” ते थांबले. “आपलं गेलं म्हणून तिचंबी घालवायचं व्हय?”

चंदनबालाला त्या क्षणी नवऱ्याचा इतका राग आला की समोरचं पानाचं तबक उचलून अंगणात भिरकवावं. कारखान्याच्या कामाला म्हणून हा माणूस स्वच्छ धोतर नेसून निघाला होता आणि मी त्याला दशम्या बांधून दिल्या होत्या! आपल्या हातानं घरातला उरलेला दिवा दुसऱ्याच्या देवळीत ठेवून आला, आणि वर मलाच विचारतोय. पण राग टिकेना. ‘आईंना सोडून कशी जाऊ’ हे मध्येच आडवं येत होतं. म्हणजे ती मागं राहिली होती ते बागेसाठी नव्हेच. आपण उगीच खोपटं पाडलं, उगीच वाफे आखले. तिला बांधून ठेवायला वेगळा दोर लागतच नव्हता, होता तो आपल्याशीच बांधलेला होता, आणि सोडायचा तर तो आपणच सोडायला हवा होता. आपण एवढे दिवस काय करत होतो? स्वतःचं पोटचं तर गेलंच, पण दुसऱ्याच्या लेकीला आपण त्याच्या जागेवर राखणीला बसवलं होतं. ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं नाही.

उन्हं कलल्यावर उत्कर्षा भाकरी थापायला चुलीपाशी आली. हल्ली तिची भाकरी चंदनबालाच्या भाकरीसारखीच गोल व्हायची. कळलंय ना तुम्हाला, असं तिनं विचारलं, आणि चंदनबाला हूं म्हणाली.  मग उत्कर्षा म्हणाली की जाताना तिला या घरातलं काही नको, दागिने तिनं कपाटात काढून ठेवलेत. फक्त निशिगंधाचे थोडे कंद न्यावेत असं तिच्या मनात आहे. तुम्ही हात लावू नका, हवं तर तुम्ही देवळात जाल तेव्हा मी काढीन.

“ते त्यानं लावलेत,” चंदनबाला म्हणाली.

“म्हणूनच मागते.”

“न्हाई. त्या वाफ्याला कुणी हात लावायचा न्हाई.”

 उत्कर्षानं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. रात्र पडायच्या आत सगळी जेवली, आणि चंदनबालाला आपलं ते ‘न्हाई’ आपल्याच कानात ऐकू येत राहिलं. मागून मागून काय मागितलं होतं तिनं? सोनं नाही, नाणं नाही, मातीतली गाठोडी. दुसऱ्या दिवशीही ते ‘न्हाई’ घरात फिरत होतं. तिसऱ्या दिवशीही.

पाडवा झाला. गुढी उतरली. दुसऱ्या सकाळी ती नेहमीसारखी देवळात गेली, दर्शन घेतलं, गंधोदक डोळ्यांना लावलं आणि नेहमीसारखं मागायला हात जोडले. काय मागायचं हे तिला आठवेना. इतकी वर्षं रोज इथं उभी राहून ती तेच एक मागत आली होती, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आलं. मेलेला मुलगा वाचू दे म्हणून ती रोज मागत होती. शेजारी कुणी बाई तांदळाचे पुंज मांडत होती, बाहेर रिक्षा हॉर्न वाजवत होती, आणि चंदनबाला खांबाला हात देऊन उभी राहिली. मग तशीच घरी आली. लुगडं बदललं नाही, चहा घेतला नाही. परड्यात गेली, खुरपं घेतलं आणि निशिगंधाच्या वाफ्यात बसली. पहिल्यांदा खुरपं घातलं तेव्हा हात आपला नसल्यासारखा वाटला. माती घट्ट झाली होती. कडेनं उकरत उकरत तिनं एक पूर्ण गड्डा हलवला, आणि तो मुळं तुटल्याचा बारीक आवाज करत वर आला. 

उत्कर्षा केस पुसत दारात आली आणि तिथूनच ओरडली, “अव्वा, नको!”

अव्वा. एवढ्या वर्षांत तिनं कधी तो शब्द वापरला नव्हता, ती आई म्हणायची. अव्वा म्हणणारं माणूस एकच होतं. उत्कर्षा धावत येऊन मातीत बसली, तिच्या हातातलं खुरपं ओढू लागली, तुमचा नेम आहे, मला नकोत कंद, माझं चुकलं मागायला, असं एकात एक बोलू लागली. चंदनबालानं खुरपं सोडलं नाही.

“नेम ज्याच्यासाठी हुता तो गेला, पोरी,” ती म्हणाली. “अरिहंत गेला आपला.”

सगळ्या गावानं म्हणून झालेलं वाक्य तिच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा निघालं. मग मात्र ती रडली. त्याच्या तेराव्याला जी रडली नव्हती ती दिवसाढवळ्या परड्यात, मातीचे हात डोळ्यांना लावून, शेजारच्या गच्चीवरच्या बाईला ऐकू जाईल अशी रडली, आणि उत्कर्षा तिला धरून रडली. पायगोंडा मागच्या दारापर्यंत आले आणि परत आत गेले.

दोघींनी मिळून सगळा वाफा काढला. एकेका गड्ड्यात दहा-दहा, पंधरा-पंधरा कंद एकमेकांना चिकटून बसले होते, कुणाला हलायला जागा नव्हती. उत्कर्षा ते हातांनी सुटे करून दाखवत होती. मधला हा मोठा, ज्याच्यावर वाळका दांडा आहे, तो एकदा फुलून गेला की परत फुलत नाही. त्याला टाकायचं. फूल येतं ते याच्या बगलेतल्या पिल्लांना. चंदनबालानं ऐकून घेतलं आणि निवडायला बसली. पिल्लं पोत्यात, मोठे बाजूला. तिचे म्हातारे डोळे त्या कामात चुकत नव्हते. थोड्या वेळानं उत्कर्षाच्या ध्यानात आलं की सगळीच्या सगळी पिल्लं साताऱ्याच्या पोत्यात चाललीत. निम्मी इथं ठेवा, इथं काय लावणार, असं ती म्हणाली. तिकडं मळा हाय, जागा मोठी हाय, एवढंच चंदनबाला बोलली आणि पोत्याचं तोंड सुतळीनं बांधलं. वाफे आखायची तीच सुतळी.

निघायच्या सकाळी तिनं सुनेला पाटावर बसवलं. विधवेची ओटी भरायची नसते म्हणून उत्कर्षा मागं सरकली. चंदनबालानं तिचा हात धरून बसवली, कुंकू लावलं, ओढणी पसरायला लावली. तांदूळ झाले, नारळ झाला, सुपारी झाली. ओटीत हळकुंड लागतं. हळदीवर उभ्या राहिलेल्या त्या घरात शोधूनही हळकुंड सापडेना. मग ती परड्यात गेली आणि बांधलेल्या पोत्याचं तोंड सैल करून निशिगंधाचा एक गोमटा कंद काढून आणला, पाण्यानं धुतला, आणि तिच्या ओटीत घातला. सुखी हो म्हणावं असं मनात होतं. तोंडातून “पाणी जास्त घालू नगंस, कुजतात” एवढंच आलं. पायगोंडा तिला सांगलीच्या स्टँडवर सोडायला गेले. गल्लीच्या वळणावर स्कूटर दिसेनाशी झाली तरी चंदनबाला दारात उभी होती, शेजारीण काही विचारायला आली तशी आत आली.

परड्यात फुलून गेलेल्या कंदांचा ढीग तसाच पडला होता. खतात टाका म्हणून उत्कर्षा सांगून गेली होती. भिंतीकडेच्या नव्या वाफ्यांवर फक्कीच्या रेघा अजून होत्या, वाऱ्यानं जरा फिक्या झालेल्या. चंदनबाला खाली बसली आणि ढिगातला एकेक कंद उचलून त्या रेघांच्या आत लावू लागली, अरिहंत लावायचा तसं मध्ये वीतभर अंतर सोडून, वाळका दांडा वर ठेवून. ऊन चढलं. पायगोंडा परत आले, पायरीवर उभे राहून बराच वेळ बघत राहिले.

“ती फुलायची न्हाईत गं आता,” ते शेवटी हळूच म्हणाले.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “जित्ती हाईत न्हवं.”

त्यांनी वहाणा काढल्या, धोतर वर खोचलं आणि वाफ्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसले. दोघांनी मिळून ढीग संपवला. मग चंदनबाला गुडघ्यावर हात देऊन उठली, पाणी सोडायला मागच्या नळाकडं गेली, आणि तोटी फिरवायच्या आधी तिनं नळाचं फडकं घट्ट आहे ना ते पाहून घेतलं.